नाडा आणि ढोल

पुण्याहून आटपाडीला निघालेला माणूस पाहिला, की कुणालाही वाटावे, याचे तिकडे शेत असेल, नाहीतर खरसुंडीच्या सिद्धनाथाचा नवस फेडायचा असेल. माझे तिकडे शेत नाही, आणि नवस बोलण्याचे वयही आता मागे पडले. तरी गेल्या पौषात, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, गुडघ्याला पट्टा बांधून मी स्वारगेटवर एस. टी. धरली. कारण माझे तिकडे एक देणे होते. पैशांचे नव्हे, एका उत्तराचे. आणि ते १९७२ सालापासून थकले होते.

त्या साली मी एका कॉलेजात गणिताचा नवाकोरा लेक्चरर होतो. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला 'विशेष फलने' शिकवीत होतो. फलन म्हणजे वर्गात आम्ही ज्याला फंक्शन म्हणतो ते. साइन आणि कोसाइन ही मंडळी शाळेतच भेटतात. ही त्यांची थोरली, जराशी तिरसट भावंडे. लजांद्र, हर्मिट, लागेर, बेसेल अशा परदेशी नावांनी ती ओळखली जातात. एके दिवशी बेसेलच्या फलनाची लांबलचक श्रेणी फळ्यावर संपवून मी खडूचे हात झटकत होतो, तोच शेवटच्या बाकावरून एक काटकुळा मुलगा उभा राहिला.

"सर, ही फंक्शनं राहत्यात कुठं?"

मी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि म्हणालो, "परीक्षेच्या पेपरात!"

वर्ग खो खो हसला. मुलगा खाली बसला. दिवाळीच्या सुटीला तो आटपाडीला आपल्या गावी गेला, तो परत आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मी अधिक सांगायला नको. विहिरी आटल्या, जनावरे दावणीला राहिली नाहीत, आणि चांगल्या घरची माणसे खडी फोडायला गेली. तोही गेला असणार, एवढे मला उडत उडत कळले.

खरी गोष्ट अशी, की त्याच्या प्रश्नाचे उत्तर मलाच ठाऊक नव्हते. मी सिद्धता पाठ केल्या होत्या, त्या फळ्यावर उतरवीत होतो. विनोद केला तो अज्ञान झाकायला. पुढे तीस-बत्तीस वर्षे मी तेच प्रकरण शिकवले, उत्तरही पुस्तकात वाचले. पण ज्याने विचारले तो समोर नव्हता. मास्तरकी करणाऱ्यांना असे एखादे कुसळ आयुष्यभर सलत असते.

आणि एका सकाळी फोन आला. "सर, मी आटपाडीचा. तुमचं ते बेसेल सापडलं. आमच्या विहिरीत राहतंय. बघायला येतासा?"

* * *

फलटणपर्यंत दोन्ही अंगांना ऊस असतो. मोगराळ्याचा घाट चढून दहिवडीकडे वळले, की जमीन आपले बोलणे एकदम थोडक्यात आटोपते. ऊस संपतो, हिरवे संपते. उघडे माळ, खुरट्या बाभळी, दगडी ताली, आणि लांबवर कुणाची तरी मेंढरे. म्हसवड गेले, दिघंची गेली. हाच तो माणदेश. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून काकदृष्टीने फारसे दूर नसलेल्या आटपाडीला त्याचा दहावा हिस्साही धड मिळत नाही. डोंगर ढगांना गाळून घेतो आणि पलीकडे नुसता वारा सोडतो.

आटपाडीचे सरकारी पत्तेही किती बदलले! १९४८ पर्यंत ते औंध संस्थानात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यात ते आले; आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. पण मराठी वाचकाला हा मुलूख ठाऊक आहे तो पत्त्यावरून नव्हे. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर या भावांचे माडगूळ याच तालुक्यात. शंकरराव खरात आटपाडीचेच. आणि औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ साली कैद्यांना भिंतीबाहेर काढून जेथे शेती करायला लावली, ते स्वतंत्रपूरही येथलेच. शांतारामबापूंचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचलेला. इतक्या कोरड्या जमिनीतून इतके लेखन कसे उगवले, याचे कोडे मला नेहमी पडते. आता मात्र टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उचलून इकडे आणले आहे. त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींनी येथे वर्षानुवर्षे पाणी परिषदा भरवल्या. रस्त्याच्या कडेने डाळिंबाच्या बागा दिसू लागल्या, तेव्हा मी ओळखले, गाव आले.

स्टँडवर तो उभा होता. काटकुळा मुलगा आता त्र्याहत्तर वर्षांचा बागाईतदार झाला होता. डोईला टोपी, अंगात जाड स्वेटर, हात मात्र खडी फोडलेलेच. मी त्याला "तुम्ही" म्हणू की "तू", या घोटाळ्यात असतानाच तो रस्त्यावर वाकून पाया पडला आणि प्रश्न मिटला.

वस्तीवर पोचताच वहिनींनी हुलग्याचे गरम माडगे पुढे केले. नात बाजल्यावर पुस्तक उघडून बसली होती. पुण्यात इंजिनीअरिंगला असते, पौषातल्या यात्रेसाठी आलेली. सगळे हिच्यापासून सुरू झालेले. तिच्या पुस्तकात बेसेलचे प्रकरण होते. आजोबांनी ते नाव वाचले आणि पुस्तक रात्रभर सोडले नाही. त्या प्रकरणाच्या शेवटी, उदाहरणांत, एक ओळ होती: टांगलेल्या साखळीचे हेलकावे काढा.

"साखळी कशाला आणू?" तो मला म्हणाला. "माळ्यावर मोटेचा नाडा पडून हाय की."

* * *

ज्यांनी मोट पाहिली नाही अशा मुलांसाठी सांगतो. विजेचे पंप येण्यापूर्वी बैलजोडी कातड्याची भलीमोठी पिशवी विहिरीतून ओढून काढी, ती मोट. तिचा जाडजूड दोर म्हणजे नाडा, आणि तिच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. या घराची विहीर सत्तर फूट खोल, काळ्या दगडात बांधलेली. मोट थांबून कित्येक वर्षे झाली, पण वरचे लाकूड अजून जागेवर होते. तेथून त्याने तीस फूट नाडा खाली मोकळा सोडला होता. टोक पाण्यापासून पुरते वर.

"हात लावा सर," तो म्हणाला. "सावकाश झोका द्या. पाळण्याला देतो तसा."

मी वरच्या बाजूने हळूच हलवले. सगळा नाडा एका अंगाला कलला, मग दुसऱ्या अंगाला. वर जेमतेम हले, खाली शेपूट लांब जाई. नातीने मोबाइलवर वेळ लावली. दहा हेलकाव्यांना पन्नास सेकंद, वर थोडे.

"आता बगा." त्याने माझा हात बाजूला केला आणि स्वतः नाडा जरा चपळाईने हलवला. दोन-तीन वेळा तो बिथरला, मग एकाएकी त्याला एक वेगळीच चाल सापडली. वरचा भाग डावीकडे जाई तेव्हा शेपूट उजवीकडे जाई. आणि दोहोंच्या मध्ये, तळापासून पावणेसहा फुटांच्या आसपास, त्याने बांधलेली एक लाल चिंधी होती. वरचा दोर हलत होता, खालचा दोर चाबकासारखा फिरत होता, आणि चिंधी विहिरीच्या अंधारात जवळजवळ जागच्या जागी. दहा हेलकाव्यांना बावीस सेकंद.

मी काठावरच्या दगडावर बसलो. बत्तीस वर्षे मी फळ्यावर लिहीत होतो, की बेसेलच्या पहिल्या फलनाची शून्ये २.४०५ आणि ५.५२० या ठिकाणी येतात. म्हणजे फलनाची रेघ तेथे तेथे अक्ष ओलांडते. दुसऱ्याला पहिल्याने भागा, २.२९५ येतात. पन्नास-साडेपन्नासला बावीसने भागा, तेच येतात! आणि चिंधी? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून त्याचा वर्ग करा: ०.१९. तीस फुटांचे शेकडा १९ म्हणजे ५.७ फूट. मोटेचा नाडा बेसेलची शून्ये मोजत होता आणि त्याला बी. एस्सी. व्हावे लागले नव्हते.

नाडा असा का वागतो, तेही सांगतो, अवघड नाही. सतारीची तार सगळीकडे सारखी ताणलेली असते, म्हणून तिच्या लाटा साइनसारख्या सारख्या लांबीच्या. नाड्याचे तसे नाही. त्याला ताण येतो तो स्वतःच्याच वजनाचा. वरच्या टोकाला सगळ्या नाड्याचे ओझे, म्हणून तेथे तो ताठ. खाली येऊ तसे ओझे कमी, टोकाला शून्य, म्हणून शेपूट सैल. ताठ दोरात लाट लांब टांगा टाकते, सैल दोरात आखूड. त्यामुळे लाट खाली खाली येताना आखडत जाते, आणि हा आखडत जाणारा आकार म्हणजेच बेसेलचे फलन.

हे पहिल्याने पाहिले ते डॅनियल बर्नुलीने, १७३२-३३ च्या सुमारास, रशियात सेंट पीटर्सबर्गला. त्याने टांगलेल्या साखळीचे हेलकावे काढले तेव्हा बेसेलचा जन्मही झालेला नव्हता. बेसेल जन्मला १७८४ साली. तो जर्मन ज्योतिषशास्त्रज्ञ. ग्रहांच्या भ्रमणात एकमेकांच्या ओढीने जे फरक पडतात त्यांचे गणित करताना, १८२४ साली, त्याने या फलनांची नीट व्यवस्था लावली, आणि नाव त्याचे लागले.

"आणि बेसेल शिकला कुठं?" नातीने विचारले.

याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते देताना मी मुद्दाम तिच्या आजोबांकडे पाहिले. बेसेलने चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीवर उमेदवारी धरली. जहाजांच्या वाटा कशा मोजतात या कुतूहलातून तो आकाशाकडे वळला. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधी चढला नाही. पुढे क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेचा प्रमुख झाला, आणि १८३८ साली एका ताऱ्याचे अंतर विश्वसनीयपणे मोजणारा पहिला माणूस ठरला.

विहिरीच्या काठावर कुणी काही बोलले नाही. नाडा अजून हळूहळू हलत होता.

* * *

दुपारी बाजरीची भाकरी आणि ठेचा झाल्यावर मी मास्तर झालो. म्हटले, नाडा दोन तऱ्हांनी हलतो एवढे पाहिलेत. प्रत्यक्षात तऱ्हा अगणित आहेत; तिसरीत दोन चिंध्या स्थिर राहतील, चौथीत तीन. पण खरी गंमत पुढेच आहे. या तऱ्हा एकमेकींना 'लांबिक' आहेत.

लांबिक म्हणजे काटकोनातल्या. पूर्वेकडे कितीही चाललात तरी उत्तरेकडे एक पाऊलही पुढे जात नाही. कारण पूर्व आणि उत्तर यांच्यात काटकोन आहे, एकीचा दुसरीत वाटा नाही. नाड्याच्या तऱ्हांचे तसेच. पहिल्या तऱ्हेत प्रत्येक फुटावर नाडा किती सरकला ते लिहा, दुसऱ्या तऱ्हेतले त्याच्या शेजारी लिहा, ओळीओळीने गुणाकार करा, आणि सगळ्यांची बेरीज घ्या. चिंधीच्या खाली गुणाकार एका चिन्हाचे येतील, वर उलट चिन्हाचे. खालचा भाग जेमतेम पावणेसहा फूट, वरचा चोवीसच्या वर. पण शेपूट हलते जास्त. म्हणून तराजू बरोबर समतोल होतो आणि बेरीज शून्य येते. कोणत्याही दोन वेगवेगळ्या तऱ्हा घ्या, शून्यच.

"शून्य आलं, बरं. त्याचं करायचं काय?" तो म्हणाला. तोच प्रश्न, तोच आवाज. या खेपेला मी विनोद केला नाही.

तेवढ्यात वस्तीवरचे आबा आले. धनगर, वय माझ्याहून थोडे पुढेच. घरची तरणी माणसे दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडलेली. हे आता राखणीला मागे राहतात आणि गजीचा ढोल वाजवतात. मी त्यांनाच विचारले, "आबा, माळावर दोन कळप मिसळले, तर वेगळे कसे करता?"

"त्यात काय हाय?" आबा म्हणाले. "म्या हाळी दिली की माझीच येत्यात. दुसऱ्याची मान सुदीक वर करत न्हाईत."

यापेक्षा चांगली व्याख्या मी तरी कोणत्या पुस्तकात वाचलेली नाही. नाड्याला कसाही, वेडावाकडा हिसका द्या. त्यात सगळ्या तऱ्हा मिसळलेल्या असतात, कळपांसारख्या. आता पहिल्या तऱ्हेने गुणून बेरीज करा. ही पहिल्या धनगराची हाळी. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या तऱ्हेचे शून्य झाले. उरली ती फक्त पहिली, आणि ती किती आहे याचा आकडा हाती आला. मग दुसरीची हाळी, मग तिसरीची. गुंता कितीही असो, ज्याचा त्याचा कळप ज्याच्या त्याच्या वाडग्यात. सूर्याच्या किरणांनी तापणाऱ्या लोखंडापासून अणूतल्या इलेक्ट्रॉनपर्यंत पदार्थविज्ञान गेली दोनशे वर्षे हेच करीत आले आहे. हायड्रोजनच्या अणूत लजांद्र आणि लागेर हाळी देतात, हेलकावणाऱ्या कणाला हर्मिट. माणसे वेगळी, वाडगी वेगळी, युक्ती एकच.

आबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग मास्तर, माज्या ढोलात बी असंल की हे."

होते. अगदी तेच होते.

* * *

गजीचा नाच पाहिला नसेल तर माणदेशात एकदा जरूर पाहावा. पांढरी धोतरे, रंगीत फेटे, हातात रुमाल. वर्तुळात नाचणारी माणसे आणि मध्ये ढोल. यात्रेसाठी तालीम चालली होती. ढोलाचा ठोका छातीवर बसे. आबा सांगत होते, "मधी मारलं तर त्यो बोलतो, काठाला मारलं तर वरडतो."

ढोलाचे कातडे म्हणजे गोल, ताणलेला पडदा. त्याचे गणित ऑयलरने १७६४ साली मांडले, आणि तेथेही हीच फलने निघाली. गोलाच्या मध्यापासून काठाकडे जाणारी लाट पसरत जाते, विरळ होत जाते. म्हणून साइन नव्हे, बेसेल. अगदी मध्यावर ठोका दिला, तर फक्त मध्याभोवती सारख्या असलेल्या तऱ्हा जाग्या होतात, आणि त्यांच्या कंपनांचे प्रमाण एकास २.२९५. विहिरीतला नाडा आणि देवळापुढचा ढोल यांचा आकडा एकच! काठाजवळ मारले की आणखी तऱ्हा जाग्या होतात, व्यासाच्या रेषेवर दुभंगणाऱ्या. त्या १.५९ पट, २.१४ पट अशा. यांतला एकही आकडा पूर्ण नाही. म्हणून ढोलाला ठोका असतो, सूर नसतो. तो 'वरडतो', हे आबांचे निदान अचूक होते.

नातीला राहवेना. नाच थांबल्यावर तिने ढोल उभा करून वरच्या कातड्यावर रांगोळी भुरभुरली, यात्रेसाठी आणलेला कर्णा वर धरायला लावला आणि मोबाइलवरून एकच सूर सोडून तो हळूहळू चढवत नेला. रांगोळी थरथरली, उडाली, पांगली. ढोलाला दोन तोंडे, आत कोंडलेली हवा, कातडे हाताने कमावलेले. त्यामुळे सूर पुस्तकातल्या जागी सापडला नाही, बराच शोधावा लागला. पण एका जागी रांगोळी एकाएकी शहाणी झाली आणि मध्याभोवती एक वर्तुळ धरून बसली. आबांनी वीतभर हात लावून पाहिला. मध्यापासून काठ नऊ इंचांवर, वर्तुळ जवळजवळ चार इंचांवर.

मी कागदावर लिहून दाखवले. त्या वर्तुळाच्या आतले कातडे क्षेत्रफळाने सगळ्या कातड्याच्या शेकडा १९ भरते. नाड्याची लाल चिंधीखालची शेपटी सगळ्या नाड्याच्या शेकडा १९. चिंधी आणि रांगोळीचे वर्तुळ ही एकाच गोष्टीची दोन रूपे. नाड्याची लांबी म्हणजेच ढोलाचे क्षेत्रफळ, एवढा एक शब्द बदलला की विहिरीचे गणित ढोलाचे होते.

आपल्या तबल्याने मात्र या ढोलावर मात केली आहे. पखवाज, मृदंग, तबला यांच्या पुडीवर मध्ये काळी शाई भरतात. त्या वजनाने बेसेलची अपूर्णांकी प्रमाणे सरकून पूर्णांकांवर येऊन बसतात. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली जगापुढे मांडले आणि १९३४ साली सविस्तर सिद्ध केले. त्यांनीही पुडीवर बारीक वाळू पसरूनच तऱ्हा पाहिल्या. पहिल्या नऊ तऱ्हा मिळून पाच सुरेल स्वरांत बसतात, असे त्यांना दिसले. कुण्या अनाम कारागिराने कानाने जुळवलेले हे गणित! आबांना हे सांगितले तर ते म्हणाले, "तबला बैठकीत बोलतो. माजा ढोल दोन कोसावर बोलतो." तेही खरेच.

* * *

रात्री शेकोटीला बसलो. वर आकाश इतके स्वच्छ, की पुण्याच्या माणसाला संशय यावा. बोलणे अर्थातच पावसावर आले. येथे ते नेहमी पावसावरच येते.

मी त्याला दामोदर धर्मानंद कोसंबींची गोष्ट सांगितली. गोव्यात १९०७ साली जन्मलेला हा गणिती फर्ग्युसनमध्ये शिकवीत असे, पुढे १९४५ पासून मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत गेला. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो इतिहासकार म्हणून. पायी हिंडत ते धनगरांच्या वाटा आणि माळावरचे शेंदरी दगड टिपीत. पण १९४३ साली त्यांनी गणितात एक उलटा प्रश्न विचारला. नाड्याच्या तऱ्हा नाडा सांगतो, ढोलाच्या ढोल सांगतो. पण ज्याचे समीकरणच ठाऊक नाही, नुसती वर्षानुवर्षांची लहरी नोंद हाती आहे, त्याच्या लांबिक तऱ्हा कशा शोधायच्या? कोसंबींनी दाखवले, की त्या नोंदींमधूनच काढता येतात. कळपालाच विचारायचे, तुझे धनी कोण! पुढे फिनलंडच्या कारहुनेन आणि फ्रान्सच्या लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच केले, आणि आज त्या रीतीला तिघांची नावे जोडतात. १९५६ साली लोरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने तशीच रीत हवामानाला लावली. शेकडो ठिकाणच्या पावसाच्या नोंदींतून चार-दोन मुख्य तऱ्हा वेगळ्या काढायच्या आणि पाऊस कोठे वाढला की कोठे घटतो ते वाचायचे, हे काम आता जगभर चालते.

तो बराच वेळ जाळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे पाऊस आटपाडीला का येत न्हाई, ते बी त्यात निघंल?"

"का येत नाही ते डोंगर सांगतो," मी म्हटले. "कोणत्या वर्षी कसा चुकतो, ते यात थोडेफार निघते. पाऊस पाडता मात्र येत नाही."

"तेवढं टेंभूनं केलंय," तो हसला.

आता मला बोलणे भाग होते. मी म्हटले, "बहात्तर साली तू विचारलेस आणि मी थट्टा केली. तुला नीट उत्तर दिले असते, तर कदाचित तू परत आला असतास."

त्याने काटकी मोडून जाळात टाकली. "न्हाई सर. मी आलो न्हाई ते पाण्यापायी. वडलांच्या बैलांतला एक मेला, दुसरा इकला. तुमच्या उत्तरानं विहिरीला पाणी लागलं नसतं." थोडा थांबून तो पुढे म्हणाला, "पर एक हाय. सहा महिने खडी फोडली. उत्तर ठावं असतं, तर हातोडा मारताना डोक्याला काय तरी चाळा राहिला असता. त्याच विहिरीत हाच नाडा लोंबत हुता. मी रोज बघत हुतो."

आत वहिनींनी दिवा मालवला. मला त्यावर काही सुचले नाही, आणि सुचले नाही तेच बरे. काही हिशेब चुकते होतात, काही नुसते मान्य करायचे असतात.

* * *

निघताना त्याने नाड्याचा दहा फुटांचा तुकडा कापून माझ्या पिशवीत घातला. एस. टी.त कंडक्टरने विचारले, "आजोबा, बैल घेतला का खरसुंडीत?" मी म्हटले, "बैल मिळाला नाही, दावे मिळाले."

तो तुकडा आता आमच्या जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत टांगलेला असतो. सोसायटीच्या चिटणीसांनी दोनदा हरकत घेतली. तिसऱ्यांदा ते घड्याळ घेऊन आले. नाडा आखूड झाला, त्यामुळे हेलकावे भराभर होतात. पण प्रमाण तेच, २.२९५. लाल चिंधीही शेकडा १९ वरच, म्हणजे तळापासून दोन फुटांना थोडी कमी. लांबी बदलली म्हणून बेसेल बदलत नाही.

या दिवाळीत तुम्हीही करून पाहा. पाच फुटांची बारीक साखळी घ्या, आकाशकंदिलाच्या हुकाला टांगा, आणि खालून साडेअकरा इंचांवर रंगीत दोरा बांधा. सावकाश हलवलीत तर दहा हेलकाव्यांना वीस-एकवीस सेकंद लागतील. चपळाईने हलवून दुसरी तऱ्हा साधलीत तर नऊ सेकंद, आणि दोरा जागच्या जागी राहील. मुले जवळ असतील तर आधी त्यांना मोजू द्या. आणि एखाद्याने विचारले, की हे राहते कुठे, तर थट्टा करू नका. घरात साखळी नसेल तर सरळ सांगा, आटपाडीला, एका जुन्या विहिरीत.